लीड्सचं हेडिंग्ली आणि हाइड पार्क: विद्यार्थ्यांची वस्ती कशी झाली, आणि तिथे घर बघताना काय तपासायचं?

सावनी_प

भाचीला लीड्स विद्यापीठात एमएससीला प्रवेश मिळालाय. कोर्स सप्टेंबरात सुरू होतो आणि घर शोधायला सुरुवात केली आहे. जो तो एकच सांगतो, "एलएस६ मध्ये बघ". हा तिथला पोस्टकोड, म्हणजे हेडिंग्ली, हाइड पार्क आणि बर्लीचा काही भाग. आमच्या घरी हेडिंग्ली हे नाव फक्त क्रिकेटमुळे माहीत.

जाहिरातींतले फोटो बघितले तर सगळीकडे लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली, निमुळती तिमजली घरं, आणि प्रत्येकात पाच-सहा-सात खोल्या भाड्याने. एवढी मोठी घरं मुळात कुणासाठी बांधली होती? आख्खं उपनगर विद्यार्थ्यांकडे कसं गेलं? हेडिंग्ली आणि हाइड पार्क यांत फरक काय? आणि व्हिडिओ कॉलवर घर दाखवतात तेव्हा नेमकं काय बघायला सांगू तिला? या भागाची नीट माहिती असलेल्यांनी सविस्तर लिहावं, लांबलं तरी चालेल.

---

नकाशेवाला

जमिनीच्या मालकीपासून सुरुवात करतो, कारण आजच्या गल्ल्या त्या व्यवहारांतूनच निघाल्या आहेत.

मध्ययुगात इथली बरीच जमीन जवळच्या कर्कस्टॉल मठाकडे होती. मठ १५३९ मध्ये बरखास्त झाला आणि पुढे हात बदलत ती ब्रुडेनेल घराण्याकडे, म्हणजे कार्डिगनच्या अर्लकडे आली. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या लढाईत लाइट ब्रिगेडचा हल्ला ज्याच्या नेतृत्वाखाली झाला तो सातवा अर्ल याच घराण्यातला. कार्डिगन रोड, ब्रुडेनेल रोड ही नावं तिथून आली.

लीड्सच्या गिरण्या नदीकाठी, खाली. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून, त्यामुळे धूर पूर्वेकडे जायचा. हेडिंग्ली वायव्येला, चढावर. ज्यांना परवडत होतं ते गिरणीमालक, वकील, व्यापारी एकोणिसाव्या शतकात इथे बंगले बांधून राहायला आले. आज हेडिंग्ली हिलवर मोठमोठी दगडी घरं दिसतात ती त्या काळातली. १८४० मध्ये इथे प्राणिसंग्रहालय आणि वनस्पतिउद्यानही काढलं होतं. ते दोन दशकंही टिकलं नाही, पण त्यातला अस्वलांचा खड्डा, किल्ल्याच्या बुरुजांसारख्या दगडी दर्शनी भागासह, कार्डिगन रोडवर अजून उभा आहे. भाचीला जाता-येता दिसेल.

खरा बदल ट्रामने झाला. लीड्सची पहिली घोड्यांची ट्राम १८७१ मध्ये सुरू झाली ती शहरातल्या बोर लेनपासून हेडिंग्लीच्या ओक पबपर्यंत. बग्गी न बाळगणारा कारकून, शिक्षक, दुकानदार आता इथे राहून शहरात कामाला जाऊ शकत होता. त्यातच कार्डिगन इस्टेटने जमिनी तुकड्यांनी विकायला काढल्या. १८८८ च्या विक्रीतला एक तुकडा खेळासाठी घेतला गेला आणि त्यावर आजचं हेडिंग्ली स्टेडियम उभं राहिलं. पहिली कसोटी १८९९ ची. (क्रिकेटवाल्यांसाठी: १९५२ मध्ये भारताची ४ बाद ० ही अवस्था इथेच झाली होती आणि १९८६ मध्ये वेंगसरकरांच्या ६१ आणि नाबाद १०२ धावांवर भारत २७९ धावांनी जिंकला तोही इथेच.) बाकीच्या तुकड्यांवर बांधकाम करणाऱ्यांनी लाल विटांच्या रांगा उठवल्या. मुलंबाळं आणि एखादी मोलकरीण असलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबासाठी तळघर, खाली दोन दिवाणखाने, वर दोन-तीन खोल्या आणि माळ्यावर आणखी दोन असा साचा ठरून गेला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

आता नकाशावर बघा. या पट्ट्याच्या दक्षिण टोकाला विद्यापीठ, जे १८७४ च्या यॉर्कशायर कॉलेज ऑफ सायन्समधून वाढलं आणि १९०४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. उत्तर टोकाला बेकेट पार्क. तिथे १९१२ मध्ये शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालय आलं, १९३३ मध्ये कार्नेगी शारीरिक शिक्षण महाविद्यालय आलं, आणि त्यातूनच पुढे पॉलिटेक्निक, १९९२ मध्ये लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठ आणि २०१४ पासून लीड्स बेकेट. दोन्हींना जोडणारा रस्ता एकच, ए६६०: आधी वुडहाउस लेन, मग हेडिंग्ली लेन, पुढे ओट्ली रोड. दोन शिक्षणसंस्था, मधे तीन-चार किलोमीटर मोठ्या घरांच्या रांगा आणि सरळ जाणारी बस. विद्यार्थ्यांची वस्ती दुसरीकडे कुठे झाली असती तरच नवल.

---

वीट_आणि_चुना

नकाशेवाल्यांनी घराचा साचा सांगितला, मी घराच्या आत जातो, कारण भाचीला त्याचीच जास्त गरज आहे.

इथे दोन जातींची घरं मिळतात. पहिली आरपार घरं, ज्यांना पुढे रस्ता आणि मागे छोटं फरसबंद अंगण आणि मागची गल्ली. पाच ते सात जणांची घरं बहुतेक ही. दुसरी पाठीला पाठ लावलेली घरं, ज्यांना तिथे बॅक-टू-बॅक म्हणतात. अशा घराला मागची बाजूच नसते. डावीकडे शेजारी, उजवीकडे शेजारी, पाठीमागेही शेजारी, खिडक्या आणि दार फक्त पुढे. १९०९ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये अशी नवी घरं बांधायला बंदी आली, पण लीड्समध्ये आधी मंजूर झालेल्या नकाशांच्या आधारे ती १९३७ पर्यंत बांधत राहिले. म्हणूनच ती इथे आजही हजारोंनी आहेत. हाइड पार्कमध्ये हॅरल्ड नावाच्या गल्ल्या बघा: हॅरल्ड ग्रोव्ह, हॅरल्ड माउंट, हॅरल्ड व्ह्यू, हॅरल्ड टेरेस... पत्ता देताना पोस्टकोड पूर्ण लिहा, नाहीतर पार्सल शेजारच्या हॅरल्डमध्ये जातं. या घरांना अंगण नसल्याने कपडे वाळत घालायच्या दोऱ्या रस्त्यावर आडव्या बांधलेल्या असायच्या, काही ठिकाणी अजून दिसतात.

बॅक-टू-बॅकचा फायदा असा की तीन बाजूंनी गरम घरं असल्याने उष्णता कमी जाते. तोटा असा की हवा आरपार जात नाही, आणि आगीत बाहेर पडायला एकच दार.

आता भिंती. या काळातल्या बहुतेक घरांची बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणजे सुमारे २२५ मिलिमीटर, भरीव विटांची. मधे पोकळी नाही, त्यामुळे आत उष्णतारोधक भरता येत नाही. हिवाळ्यात भिंतीचा आतला पृष्ठभाग थंड पडतो. पाच जणांचा श्वास, अंघोळ, स्वयंपाक आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांतून दिवसाला सहज दहा लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. ती वाफ सगळ्यात थंड जागी जमते: कपाटामागची बाहेरची भिंत, खिडकीचा कोपरा, माळ्याचं उतरतं छत. आठवडाभरात तिथे काळी बुरशी. घरमालक म्हणतो "तुम्ही खिडकी उघडत नाही", भाडेकरू म्हणतो "घरच ओलं आहे". दोघांचंही थोडं खरं असतं, म्हणून आधी ओळखायला शिका. कोपऱ्यात, वरच्या बाजूला, ठिपक्याठिपक्यांची काळी बुरशी असेल तर ती बाष्पाची. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पिवळसर-तपकिरी रेघ आणि सुटलेलं प्लास्टर असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. धुरांड्याच्या आसपास किंवा पन्हळीखाली एकच डाग, आणि पाऊस पडला की वाढणारा, म्हणजे पाणी बाहेरून येतंय. पहिलं बरंचसं तुमच्या हातात आहे. दुसरं-तिसरं पूर्णपणे मालकाचं काम, आणि सही करण्याआधी ते लेखी घ्या.

व्हिडिओ कॉलवर हे दाखवायला सांगा: प्रत्येक खोलीत बाहेरच्या भिंतीचे खालचे आणि वरचे कोपरे, कपाट थोडं पुढे ओढून. बाथरूममधला पंखा चालू करून त्यावर टॉयलेट पेपरचा तुकडा धरायला सांगा. चिकटला तर पंखा ओढतोय. बॉयलरचा दाबमापक: घर थंड असताना १ ते १.५ बार असावा. शून्याजवळ असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा कुणी लक्ष देत नाही. तळघरात खोली केलेली असेल तर खिडकीतून माणूस बाहेर पडू शकतो का ते बघा. माळ्यावरच्या खोलीतून खाली येणारा जिना स्वयंपाकघरातून जात नाही ना, हेही. आग बहुधा स्वयंपाकघरातच लागते.

राहायला गेल्यावर: पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. हीटिंग दिवसातून दोनदा तासभर जोरात लावण्यापेक्षा १८ अंशांच्या आसपास जास्त वेळ मंद ठेवा, भिंत गार पडत नाही. स्वस्त आर्द्रतामापक मिळतो, ६० टक्क्यांच्या वर सतत असेल तर खिडकी उघडायची वेळ झाली. भात शिजवताना झाकण आणि पंखा.

---

कलम_चार

दोघांनी भूगोल आणि विटा सांगितल्या, पण घरं कुटुंबांकडून विद्यार्थ्यांकडे गेली ती कायदा आणि पैशामुळे, आणि ती अगदी अलीकडची गोष्ट आहे.

विद्यार्थी इथे शंभर वर्षं राहत आहेत, पण बराच काळ ते वसतिगृहांत (डेव्हनशायर हॉल १९२८ चा) किंवा एखाद्या कुटुंबाकडे खोली घेऊन राहायचे. मग लागोपाठ चार गोष्टी घडल्या. १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने, जो जानेवारी १९८९ पासून लागू झाला, ठरावीक मुदतीचं भाडं आणि बाजारभाव मालकाला मिळाला. १९९२ मध्ये पॉलिटेक्निक विद्यापीठं झाली आणि विद्यार्थीसंख्या वाढली, वसतिगृहं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत. १९९६ पासून भाड्याने देण्यासाठी घर घ्यायला खास कर्ज मिळू लागलं. आणि चौथी, खोलीनिहाय भाडं. पाच खोल्यांच्या घराचं एका कुटुंबाकडून येणारं भाडं आणि पाच विद्यार्थ्यांकडून येणारं एकूण भाडं यांची बरोबरी होत नाही. घर विकायला निघालं की गुंतवणूकदार कुटुंबापेक्षा जास्त बोली लावायचा. एका गल्लीत चार-पाच घरं गेली की उरलेली कुटुंबंही विकून निघायची, कारण शेजार बदललेला असायचा आणि भावही चांगला मिळायचा.

याला स्टुडंटिफिकेशन हे नाव भूगोलतज्ज्ञ डॅरेन स्मिथ यांनी दिलं. परिणाम हिशेबात दिसले. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरावरचा स्थानिक कर, माफ. लहान मुलं कमी झाल्याने शाळा ओस पडल्या. हाइड पार्कची रॉयल पार्क प्राथमिक शाळा २००४ मध्ये बंद झाली, हेडिंग्ली प्राथमिक २००६ मध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये दुकानांना गिऱ्हाईक नाही.

स्थानिक लोकांनी नुसती तक्रार केली नाही, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. त्यांनी नियोजनाचे नियम अभ्यासले, देशभरातल्या अशा वस्त्यांशी संपर्क जोडला आणि नियम बदलायला लावले. लीड्स कौन्सिलचं आर्टिकल ४ फेब्रुवारी २०१२ पासून लागू आहे: कुटुंबाचं घर तीन ते सहा असंबंधित लोकांच्या घरात बदलायचं असेल तर नियोजन परवानगी लागते. "भाड्याने देणे आहे" च्या पाट्यांवरही बंधनं आली, नाहीतर प्रत्येक दारावर एक पाटी अशी स्थिती होती. हेडिंग्ली प्राथमिक शाळेच्या जागेचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. हेडिंग्ली डेव्हलपमेंट ट्रस्टने बेनेट रोडवरच्या त्या इमारतीत २०११ मध्ये हार्ट हे सामुदायिक केंद्र सुरू केलं. कॅफे, वर्ग, छोट्या धंद्यांना जागा. भाचीला अभ्यासाला बसायलाही चांगलं.

आर्टिकल ४ चा एक उलटा परिणाम झाला. ज्या घराकडे सामायिक वापराचा हक्क आधीपासून आहे तो मालक घर कुटुंबाला द्यायला कचरतो, कारण एकदा वापर बदलला की परत यायला परवानगी लागेल. म्हणून कौन्सिल काही घरांना दोन्ही वापरांत ये-जा करता येईल अशी लवचिक परवानगी देतं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत शहराच्या मध्यात विद्यार्थ्यांचे उंच मनोरे उभे राहिले: २००९ चा स्काय प्लाझा, २०२१ चं ऑल्टस हाउस. पहिल्या वर्षाची आणि परदेशी मुलं तिकडे गेली. हेडिंग्लीच्या वरच्या भागात आता नोकरी करणारे तरुण आणि काही कुटुंबं परत दिसतात. विद्यार्थ्यांची दाट वस्ती खाली, हाइड पार्ककडे सरकली आहे.

---

ओट्लीरोड

@कलम_चार, सगळं मान्य, पण एक जोड हवी. नुसतं "कुटुंबं गेली, विद्यार्थी आले" असं लिहिलं की हाइड पार्कमधले तिसरे लोक गायब होतात. ब्रुडेनेल रोड आणि रॉयल पार्क रोडच्या आसपास दक्षिण आशियाई कुटुंबं अनेक दशकं राहत आहेत आणि ती गेलेली नाहीत. ब्रुडेनेल रोडवरची मक्का मशीद त्यांची. आणि तुमच्या भाचीसाठी: लीड्सचं हिंदू मंदिर अलेक्झांड्रा रोडवर, याच एलएस६ मध्ये आहे. डाळी, पीठ, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या यांसाठी शहरात जायची गरज नाही, हाइड पार्कच्या किराणा दुकानांत मिळतं.

हेडिंग्ली आणि हाइड पार्क यांतला फरक असा. हाइड पार्क विद्यापीठाला चिकटून. वुडहाउस मूर हे मैदान ओलांडलं की कॅम्पस, पंधरा-वीस मिनिटं चालत. गल्ल्या अरुंद, घरं दाट, आवाज जास्त, भाडं तुलनेने कमी. १९१४ चं हाइड पार्क पिक्चर हाउस इथे आहे, गॅसचे दिवे जपलेलं. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये परत उघडलं. ब्रुडेनेल सोशल क्लब १९१३ चा कामगारांचा क्लब, आज देशभरातले बँड तिथे वाजवायला येतात. जुलै १९९५ मध्ये या भागात दंगल झाली होती. त्यानंतरच्या वर्षी रहिवाशांनी युनिटी डे हा उत्सव सुरू केला.

हेडिंग्ली आणखी वर. कॅम्पसपासून चालत अर्धा तास किंवा बस. ए६६० वर १, ६, २८ या बस सतत असतात, पण सकाळी आठ ते साडेनऊ हाच रस्ता तुंबतो. इथे ट्रॉलीबस आणायची योजना होती, ती २०१६ मध्ये फेटाळली गेली. नऊच्या तासिकेला बसपेक्षा चालत वेळेवर पोहोचणं खात्रीचं. हेडिंग्ली स्टेशन नावाला हेडिंग्लीत आहे, मुख्य चौकापासून बरंच लांब. हाइड पार्ककरांना बर्ली पार्क स्टेशन जवळ पडतं.

हेडिंग्लीच्या मध्यावर सेंट मायकेल चर्च आणि समोरासमोर दोन पब, ओरिजिनल ओक आणि स्कायरॅक. दोन्ही नावं इथल्या जुन्या ओक वृक्षावरून, तो १९४१ मध्ये पडला. शनिवारी दुपारपासून ओट्ली रन असते: वर 'फार हेडिंग्ली' नावाच्या भागातल्या वुडीज पबपासून सुरुवात करून रस्त्यावरचा एकेक पब घेत शहरापर्यंत, सगळे वेषांतर करून. दिवसा मजेशीर, रात्री दहानंतर मुख्य रस्त्यावरच्या खोलीत झोप कठीण. म्हणून मुख्य रस्त्यापासून किमान दोन गल्ल्या आत घर बघा. कसोटी सामना किंवा रग्बीचा दिवस असेल तर स्टेडियमभोवती गाडी लावायला जागा नसते, सामान हलवायचा दिवस ठरवताना सामन्यांचं वेळापत्रक बघा.

सुरक्षितता: घरफोडी हा इथला जुना त्रास. कारण साधं, एका दारामागे पाच लॅपटॉप आणि दार नुसतं ओढून घेतलेलं. बऱ्याच नव्या दारांचं हँडल वर उचलून किल्ली फिरवल्याशिवाय कुलूप लागतच नाही. हे पहिल्या दिवशी समजून घ्यायला सांगा. रात्री मूरच्या मधून न जाता कडेच्या रस्त्याने जावं.

कचऱ्याचे डबे: हिरवा पुनर्वापराचा, काळा उरलेल्याचा. हिरव्यात अन्न लागलेला खोका टाकला तर कर्मचारी तो डबा उचलत नाहीत, आणि पाच जणांच्या घरात दोन आठवड्यांत ढीग होतो. जूनअखेर हजारो मुलं एकाच आठवड्यात घरं सोडतात, तेव्हा गल्ल्यांत गाद्यांचे ढीग लागतात. चांगली भांडी, पांघरुणं चॅरिटी दुकानांत द्यावीत, पुढच्यांना तीच लागतात.

---

सावनी_प

इतकं नेमकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. दोन अडचणी उरल्या. बहुतेक घरांचा करार १ जुलैपासून आहे, तिचा कोर्स सप्टेंबरात. आणि इंग्लंडमधला जामीनदार नसल्यामुळे एक एजंट सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय. द्यावं का?

---

कलम_चार

नाही. १ मे २०२६ पासून भाडेकरू हक्कांचा नवा कायदा लागू आहे. खाजगी घरमालकाला करारावर सही होण्याआधी भाडं घेता येत नाही, आणि सही झाल्यावर जास्तीत जास्त एका महिन्याचं. सहा महिने मागणारा एजंट जुन्या काळात आहे किंवा तुम्हाला माहीत नाही असं धरून चाललाय. मात्र मान्यताप्राप्त संहितेखालच्या खास विद्यार्थी इमारतींना हा नियम लागत नाही, तिथे अशी मागणी होऊ शकते. जामीनदार नसेल तर जामीन देणाऱ्या कंपन्या शुल्क घेऊन काम करतात. काही विद्यापीठांचीही अशी योजना असते, ती आधी विचारा.

अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याएवढी, घर राखून ठेवायची रक्कम एका आठवड्याची. अनामत मिळाल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून त्याचा तपशील द्यावा लागतो. जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम स्वीकारायलाही आता बंदी आहे.

भाडं आठवड्याला लिहिलेलं असतं. चारने गुणू नका. आठवड्याला १२० पौंड म्हणजे १२० गुणिले ५२ भागिले १२, महिना ५२० पौंड. चारने गुणलं तर ४८० येतात आणि वर्षाला ४८० पौंडांची तूट पडते. त्या घराची अनामत ६०० पौंडांच्या वर असू शकत नाही.

नव्या कायद्यात ठरावीक मुदतीचे करार गेले. भाडेकरू दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकतो. पण पाच जणांचा संयुक्त करार असेल तर एकाने दिलेली नोटीस पाचही जणांचा करार संपवते, हे घरातल्या सगळ्यांनी आधी बोलून ठेवायला हवं. मालकालाही विद्यार्थ्यांचं सामायिक घर १ जून ते ३० सप्टेंबर या काळात चार महिन्यांच्या नोटिशीने परत घेता येतं, त्यासाठी त्याने सुरुवातीलाच लेखी कळवलेलं असावं लागतं. करार राहायला येण्याच्या सहा महिन्यांपेक्षा आधी झाला असेल तर हा हक्क त्याला मिळत नाही. त्यामुळे नोव्हेंबरातच घरं संपतात ही जुनी घाई करायचं कारण उरलेलं नाही.

१ जुलैच्या प्रश्नावर: सप्टेंबरात येणाऱ्यांनी रिकामी राहिलेली एखादी खोली शोधावी. अशा खोल्या ऑगस्टमध्ये निघतात आणि मालक सप्टेंबरपासूनचं भाडं घ्यायला तयार असतो. काही मालक जुलै-ऑगस्टसाठी अर्धं भाडं घेतात, विचारल्याशिवाय सांगत नाहीत. युनिपोल ही १९७५ पासूनची विद्यार्थी-गृहनिर्माण संस्था लीड्सचीच. घरमालकांसाठीच्या तिच्या नियमसंहितेखालची घरं आधी बघा.

आणि सही करण्याआधी परवाना तपासा. पाच किंवा जास्त लोक, दोन किंवा जास्त कुटुंबांचे, अशा घराला परवाना सक्तीचा आहे. २०१८ पूर्वी तो तिमजली घरांपुरता होता, आता मजल्यांची अट नाही. कौन्सिलची नोंदवही सगळ्यांना बघायला खुली असते, पत्ता शोधा आणि किती जणांची परवानगी आहे ते बघा. एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीचं क्षेत्र किमान ६.५१ चौरस मीटर लागतं. फोटोत खोली मोठी दिसते, म्हणून लांबी-रुंदी विचारा, आणि माळ्यावर छत दीड मीटरपेक्षा कमी उंच असेल तो भाग मोजायचा नाही. विनापरवाना घर निघालं तर न्यायाधिकरणाकडे भाड्याची परतफेड मागता येते.

---

वीट_आणि_चुना

कागद मागताना हेही जोडा: गॅस सुरक्षा प्रमाणपत्र, दर वर्षीचं. वीजजोडणी तपासणी, पाच वर्षांच्या आतली. ऊर्जा प्रमाणपत्र, किमान ई श्रेणी. यातला एखादा कागद "पाठवतो, पाठवतो" म्हणत आठवडा गेला तर दुसरं घर बघावं, कारण नीट मालकाकडे तिन्ही कागद फोनमध्येच असतात. वीज-गॅसची बिलं भाड्यात धरलेली असतील तर मर्यादा किती युनिटची ते लेखी घ्या. नऊ इंची भिंतींच्या घरात जानेवारीत ती मर्यादा हमखास ओलांडली जाते आणि फरक जूनमध्ये अनामतीतून मागतात.

---

ओट्लीरोड

काउन्सिल टॅक्सबद्दल एक. माफी आपोआप लागत नाही, विद्यापीठाकडून प्रमाणपत्र घेऊन कौन्सिलला कळवावं लागतं. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तरच पूर्ण माफी. एक जण नोकरी करणारा आला की बिल येतं. ते त्या एकट्याच्या नावावर, २५ टक्के सवलतीने, पण भांडण सगळ्या घरात होतं. एमएससी सप्टेंबरात संपते, त्यानंतर ती त्याच घरात राहून नोकरी शोधणार असेल तर तो मुद्दा आत्ताच घरातल्या बाकीच्यांशी बोलून घ्यावा.